पहिली वेलांटी

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज एकदाची कात्री लावली. आईच्या इरकलीला. तीन दिवस ती साडी कॉटवर घडी घालून ठेवली होती, येता जाता बघायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे, आधी चहा घेते, आधी कुकर लावते, असं. शेवटी आज वहिनीचा फोन आला की तिकीट विसाव्या दिवसाचं झालंय, मग म्हटलं आता नाही तर कधी.

भाची न्यूजर्सीला असते. सातवा संपत आलाय. वहिनी आणि दादा दोघं जाणार बाळंतपणाला आणि बाळंतविडा आत्याने द्यायचा हे मीच पूर्वी कधीतरी तोंड वर करून बोलून बसलेली. झबली, टोपरी, लाळेरी झाली कधीच, खणाची कुंची पण झाली (आतून मलमल लावली, खण टोचतो बाळाला). राहिली होती गोधडी. भाची म्हणाली, "आत्या, बाकी सगळं इथे मिळतं गं, मला आजीच्या साडीची गोधडी हवी."

आता यातली गंमत म्हणजे नऊवारी न कापताही गोधडी होते. नऊ वार म्हणजे साधारण आठ मीटर कापड असतं, दीड दीड मीटरवर घडी घालत गेलं की पाच पदर सहज पडतात, आणि पन्हा साधारण पावणेचार फूट म्हणजे लहान बाळाला भरपूर. मी आधी तसंच करणार होते, म्हणजे कापायचं पाप नको. पण इरकलीचे काठ! गोमीचा काठ आहे चांगला चार बोटं रुंद, पाच घड्यांचे काठ एकावर एक आले की कडेला नुसती पाटी होते, 16 नंबरची सुई सुद्धा तिथे अडते आणि हाताने तर विचारूच नका. म्हणून वरती आणि खाली इरकल, मध्ये आईच्याच दोन विटक्या व्हॉइलच्या साड्या, त्या अशा मऊ झाल्यात की हातात धरल्या तरी कळत नाही. एकूण पाच पदर. टोपपदर, म्हणजे इरकलीचा खांद्यावर घ्यायचा पदर, मात्र गोधडीत घातला नाही. तो वेगळा काढून ठेवलाय, त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

कात्री लावताना आवाज आला तो अजून कानात आहे. जुनं सूत कापताना करकर होत नाही, मऊ फसफस असा आवाज येतो.

गुरुवार

वासाचं लिहायचं राहिलं. साड्या ट्रंकेत होत्या, डांबराच्या गोळ्यांत. भाचीला हवा आहे "आजीचा वास", म्हणजे खरं तर ट्रंकेचाच तो वास, आईला स्वतःला चंदनाचा साबण आणि फोडणी असा वास यायचा. पण तेही द्यायची सोय नाही. आमच्या ओळखीतल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की नॅप्थलीनच्या गोळ्यांतले कपडे तसेच नवजात बाळाला अजिबात वापरायचे नाहीत, काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या लाल पेशी त्याने फुटतात आणि कावीळ वाढते. आपल्याकडे जुन्या ट्रंकेतली दुपटी काढून सरळ बाळाला गुंडाळतात, किती जणींनी केलं असेल, मी पण केलंय.

तर चार वेळा धुतलं, चार दिवस वाळवलं, आणि श्रावणात साताऱ्यात ऊन म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, दहा मिनिटं पडतं आणि तेवढ्यात दोरीकडे पळेपर्यंत सर येते. एक फायदा झाला, आटायचं ते आधीच आटून गेलं. काठ आणि अंगाचं कापड वेगवेगळं आटतं ना, न धुता शिवली असती तर पहिल्याच धुण्यात काठाला चुण्या पडल्या असत्या.

आता वास गेला. पूर्ण गेला. मी मुद्दाम नाक खुपसून बघितलं.

शनिवार, दुपार

कालचा आख्खा दिवस भरतकामाच्या मशीनने खाल्ला. रोजनिशीत शिव्या लिहीत नाही म्हणून.

झालं असं की गोधडीच्या कोपऱ्यात काहीतरी भरतकाम करायचं मनात होतं. बाळाचं नाव घालता येत नाही, अजून बारसं कुठे, आणि आधी नाव काढायचंच नाही असं वहिनीचं म्हणणं. ससे, ढग, टेडी मशीनमध्ये ढिगाने आहेत पण आईच्या साडीवर टेडी? मग आठवलं, भाचीच्या जन्माच्या वेळी आईने पाठवलेलं आंतरदेशीय पत्र माझ्याकडे आहे. त्यात शेवटची ओळ: चि. बाळास अनेक आशिर्वाद. म्हटलं हेच, तिच्याच अक्षरात. आईचं बाळास लिहिलेलं पत्र त्याच बाळाच्या बाळास!

मोबाइलवर फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये इंक-स्टिच ही भरतकामाची जोडणी घालून त्यावर अक्षरं गिरवली (फुकट आहे, शिकायला दोन महिने गेले पण फुकट आहे). मशीनचे आपले फाँट सगळे इंग्रजी, मराठी टाइप करून घालायला जावं तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाऊन बसते, त्यामुळे गिरवणे हाच मार्ग. पहिल्यांदा सगळं साटिनमध्ये, म्हणजे भरीव पट्टीसारख्या टाक्यात केलं, दोन मिलिमीटर जाड, सॅम्पल काढलं तर आईचं अक्षर कुठलं, दुकानाची पाटी दिसत होती. आईने बोरूने थोडंच लिहिलं होतं, बॉलपेन होतं, रिफिल संपत आलेलं. मग साटिन काढून टाकलं आणि साधा तिहेरी टाका दिला, म्हणजे सुई पुढे मागे पुढे अशी तीनदा जाते, रेघ बारीकच राहते पण ठसठशीत. तेव्हा कुठे अक्षर ओळखीचं दिसायला लागलं.

दुसरी भानगड शिरोरेषेची. मी प्रत्येक अक्षराची वेगळी दिली होती. शिवताना कापड टाक्याबरोबर ओढलं जातं, दिसत नाही पण अक्षर अक्षर आत सरकतं, आणि मग रेघेत फटी. आ पासून शि वेगळं, शि पासून र्वा वेगळं, जसे काही एकमेकांशी बोलत नाहीत. तिसऱ्या सॅम्पलला वैतागून पत्राकडे परत बघितलं आणि तिथेच उत्तर होतं की. आई आधी सगळी अक्षरं बोडकी लिहून काढायची आणि मग शेवटी डावीकडून उजवीकडे एका झटक्यात रेघ ओढायची, ती कधी शेवटच्या अक्षराच्या बोटभर पुढे गेलेली. तसंच केलं. रेघ सगळ्यात शेवटी, एकसलग, थोडी पुढे गेलेली. फटी गायब.

रफाराने मात्र रडवलं. एवढासा तो, तिथे टाके एक मिलिमीटरच्या आत येतात आणि सुई त्याच त्याच भोकात आपटत राहते, दोरा तुटतो. दोनदा तुटला, तिसऱ्यांदा खाली हाऽ एवढा गुंता. बॉबिन काढली, साफ केली, परत घातली, परत गुंता, बॉबिनला नको नको ते बोलले. शेवटी कळलं की वरचा दोरा ओवताना मी मशीनचा पाय खाली ठेवला होता, पाय खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत बसतच नाही. गुंता खाली दिसतो पण चूक वर असते, हे मी दुसऱ्यांना शिकवते! रफार जरा मोठा केला, टाके कमी केले, झालं.

आणि हे सगळं साडीवर नाही हं. जीर्ण सुतावर मशीनची सुई इतक्या वेळा गेली तर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. पांढऱ्या मलमलीच्या तुकड्यावर, मागे न सुटणारा बॅकिंग पेपर लावून, आणि मग तो तुकडा कोपऱ्यात हाताने जोडायचा.

सोमवार

व्हिडिओ कॉल. भाचीला दाखवली, अर्धी झालेली. रडली थोडी. मग डोळे पुसून म्हणाली, "आत्या, पण क्रिबमध्ये नाही घालता येणार गं ही." तिकडच्या बालरोगतज्ज्ञांचं सक्त सांगणं आहे म्हणे, बाळ पाठीवर झोपवायचं, घट्ट सपाट गादी, आणि जवळ उशी नको, गोधडी नको, मऊ काहीच नको, श्वास कोंडू शकतो. मला खरं सांगू, लागलं. आम्ही सगळे गोधडीतच वाढलो असं तोंडावर आलं होतं, गिळलं. मागाहून वाचून बघितलं, बरोबर आहे त्यांचं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचंच आहे ते.

मग ठरलं की जमिनीवर अंथरायची, बाळाला पालथं घालून मान धरायला शिकवतात तेव्हा. तसं असेल तर गालाखाली भरतकाम टोचायला नको, म्हणून तुकडा आतून काढून पार कोपऱ्यात नेला, आणि कोपऱ्यांना लाल गोंडे लावायचे होते ते रद्द, ओढून तोंडात घालतील. गोंडे केलेले आहेत. खुर्चीच्या उशीला लावीन.

बुधवार, पहाटे

झोप नाही म्हणून टाके घालत बसले. पायमशीनवर घातले असते तर एका दुपारीत झालं असतं, पण नको वाटलं. जमिनीवर पसरायची, चार कोपऱ्यांना पाट आणि वरवंटा ठेवायचा, कच्चे टाके आधी, मग कडेकडून धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत आत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा मेणावर ओढून घेतला की गुंतत नाही. माझी ओळ सरळ येत नाही, आईची यायची. मध्यभागी पोचले की वितभर जागा राहते, तिथे आजी चार तांदळाचे दाणे सरकवायची आणि मग शेवटचा टाका, गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. मी तांदूळ हातात घेतले आणि ठेवून दिले, धान्य घेऊन विमानात, वर किडे झाले तर. मग घातलेच. चारच दाणे.

रविवार

दादा आणि वहिनी बॅगा घेऊनच आले, वजनकाटा माझ्याकडचा म्हणून. प्रत्येक बॅगेला 23 किलो. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, बाळंतकाढ्याची पुडकी, वहिनीने अर्धं सातारा भरलंय.

गोधडी दाखवली. वहिनीने हात फिरवला, काठ बघितला, छान म्हणाली. दादाने चष्मा लावला. आयुष्यभर मराठी शिकवलंय त्याने, त्याची नजर कुठे जाणार ते मला माहीत होतं.

"आशीर्वादला शी दुसरी."

"माहितेय."

"मग?"

"आईने पहिलीच लिहिली होती."

तो डी.एड.ला पुण्याला होता तेव्हाची गोष्ट. आईचं पत्र आलं, याने त्यातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि तेच पत्र उलट पाठवून दिलं. कौतुकानेच केलं असेल, शिकत होता नवीन नवीन. त्यानंतर बरेच महिने आई त्याला पत्र शेजारच्या मुलीकडून लिहून घ्यायची, आपण फक्त सांगायची. मला ते पत्र आठवतं, लाल लाल झालेलं, आईने डब्यात ठेवलं होतं फाडून न टाकता. आम्ही यावर कधी बोललेलो नाही. आजही नाही बोललो.

बॅग काट्यावर ठेवली तर 24 किलो 100. गोधडी किलोच्या जरा वर आहे. वहिनी लाडवांच्या डब्याकडे बघायला लागली, मी म्हटलं राहू दे गोधडी, मागाहून पार्सल करते. तेवढ्यात दादा खाली बसला, बॅग परत उघडली, कपड्यांच्या खालून नातवंडासाठी नेत असलेला जाडजूड मराठी शब्दकोश काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

काटा 22 किलो 800.