तुम्ही विचारलंत म्हणून : त्या जिनिंगचं घोडं कुठं अडलंय?

"ताई, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ते अर्धवट उभं आहे, ते कधी होणार हो?" लग्नात विचारतात, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर विचारतात. मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं ठेवून विचारलं. एक तर मी त्या इमारतीच्या, म्हणजे नागपूरच्या जुन्या जिनिंगच्या जागेवरच्या अर्धवट बांधकामाच्या, समोर राहते. त्यात जमिनीचे कागद तपासणं हा माझा धंदा, बँकांना सर्च रिपोर्ट करून देते. हिला सगळं ठाऊक असणार, असा लोकांचा समज. ठाऊक आहेही, पण रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं ते नाही, म्हणून मी "होईल होईल" म्हणून सुटते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते.

आज तिथे काय दिसतं? मागच्या अंगाला जुन्या जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्याची, दगडी भिंत, तिच्यातून निघालेला पिंपळ. पुढे नव्या बांधकामाचे चार मजले, नुसते कॉलम आणि स्लॅब. वर आलेल्या सळयांवर कोणीतरी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घालून ठेवल्या आहेत. एक जिना तिसऱ्या मजल्याच्या वर जाऊन हवेत संपतो. फाटकावरच्या बोर्डावर 'ताबा : डिसेंबर' एवढं वाचता येतं. साल पावसानं नेलं.

माझी आत्या तिथे १९ हंगाम होती. शेतकऱ्याचा कापूस गाड्यांनी यायचा, जिनवर सरकी वेगळी, रुई वेगळी, मग रुई प्रेसमध्ये दाबून गाठी. आज गाठ १७० किलोची धरतात. आत्याचं काम गाठीचं नव्हतं, बायकांना रुई गोळा करणं, कचरा निवडणं हेच असायचं. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. आई तिला अंगणातच उभी करून पंचानं झटकायची, आणि ती फटके खाल्ल्यासारखी "पुरे वं वयनी, पुरे" ओरडायची. दिवाळीनंतर भोंगा सुरू व्हायचा, उन्हं तापली की बंद. बाकीचे महिने ती पापड लाटायची. एका दिवाळीनंतर भोंगा वाजलाच नाही. कोणी बंद झाल्याची नोटीस लावली नाही की काही नाही. आठ दिवस बायका डबे घेऊन फाटकापर्यंत जाऊन आल्या.

इथे कोणीतरी हमखास एम्प्रेस मिलचा दाखला देतं. "तिच्या जागेवर मॉल झाला की, मग इथेच काय अडलं?" दाखला मोठा आहे खरा. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली, म्हणून ते नाव. कापूस जवळ, रेल्वे दहा वर्षांपूर्वीच नागपूरला पोचलेली. मॅनेजर म्हणून आणलेले बेझनजी मेहता तर रेल्वेतलेच. आजचं बेझनबाग त्यांच्याच नावाचं. १८८६ मध्ये त्या मिलनं कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, तेव्हा असं काही देण्याची सक्ती करणारा कायदा देशात नव्हता. ही मिलसुद्धा शेवटी सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तर हो, तिथे मॉल आहे. पण एम्प्रेसचे कागद आणि आमच्या जिनिंगचे कागद यांची तुलना म्हणजे हत्तीच्या पायाच्या मापानं चप्पल शोधणं.

दुसरा दाखला मुंबईचा. तिथे १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते : मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ मध्ये त्यालाही कात्री लागली, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. असो. तो नियम मुंबईचा होता. नागपूरच्या जिनिंगला त्याचा काडीचा उपयोग नाही.

लोकांना वाटतं बिल्डर पळाला. पळाला नाही, तो फसला. हे ऐकून गाळे बुक केलेले लोक माझ्यावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला पटतंही. पण आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या नोंदीचा सरकारी कागद, काढून पाहा. जमीन नझूलची, म्हणजे सरकारची. कारखान्यासाठी ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली. पट्ट्याचं एकदा नूतनीकरण झालं, दुसऱ्यांदा झालंच नाही. मालक भागीदार, त्यांच्यात आपसात बिनसलेलं, पट्टा संपला याकडे कोणाचं लक्ष नाही. त्याच जागेवर बँकेचं कर्ज. कर्ज थकलं, बँकेनं थकीत कर्जाच्या वसुलीच्या २००२ च्या कायद्यानं लिलाव पुकारला. त्या जाहिरातीतला एक शब्दप्रयोग मी लोकांना तोंडपाठ करायला सांगते : 'जसे आहे जेथे आहे'. म्हणजे जमिनीबरोबर तिच्या अंगावरचे सगळे फोडही तुमचे. लिलावात घेणाऱ्या बिल्डरनं जमीन पाहिली, कोपऱ्याचा प्लॉट पाहिला, मेट्रो येणार हे पाहिलं. फोड पाहिले नाहीत.

नकाशा मंजूर झाला, बुकिंग सुरू, चार मजले चढले. आणि मग पत्र आलं : पट्टा कारखान्याचा, तुम्ही बांधताय दुकानं, हा शर्तभंग. पट्टा आधी नियमित करा, वापर बदलल्याची रक्कम भरा. तो आकडा बिल्डरच्या हिशेबात कुठेच नव्हता. काम थांबलं, व्याज थांबलं नाही. २०१७ ला रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा आणि त्याचं प्राधिकरण, आला तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या चालू प्रकल्पांनाही नोंदणी करावी लागली. त्यापुढे ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे होते. इथले पैसे त्याच्या आधीच कॉलममध्ये गेलेले. उरलेले स्लॅबमध्ये.

आता आत्याचं. तिला लागू होता तो ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. बारमाही कामगाराला वर्षाला १५ दिवसांचा पगार, हंगामी कामगाराला हंगामाला ७ दिवसांचा. १९ सत्ते १३३. आत्याचं घेणं म्हणजे १३३ दिवसांची मजुरी, तीही बंद पडली त्या वर्षीच्या दरानं. कंपनी बुडाली असती तर कामगारांची देणी बँकेच्या बरोबरीनं बसली असती, १९८५ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली होती. ही कंपनी नव्हती, भागीदारी होती. तरी बायकांनी दावा केला, जिंकल्या, आणि वसुलीचा दाखला निघाला. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ही रक्कम वसूल करायची असते.

ती फाइल मी पाहिली आहे. एका सरकारी कचेरीत एका टेबलावर नझूलचा हिशेब, दुसऱ्यावर हा दाखला, मध्ये एक लोखंडी अलमारी. दोघेही एकाच जागेच्या मागे लागलेले, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. मी हे सांगितलं तेव्हा पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी मान वळवून अलमारीकडे पाहिलं आणि म्हणाले, "असं का?" यादीत आत्याच्या बापाचं नाव चुकलंय. त्याच्या दुरुस्तीसाठी शपथपत्र लागलं. ते मीच टाइप केलं.

कधी होणार, याचं माझं उत्तर असं : आधी पट्टा. तो कोणाच्या नावानं नियमित करायचा हे ठरलं की रक्कम ठरेल, रक्कम ठरली की कोणी नवा पैसेवाला आत येईल किंवा येणार नाही. गाळेवाल्यांनी आपली संघटना करून रेराकडे जावं हे मी त्यांना तीनदा सांगितलं. दरवेळी चहा झाला.

मधल्या काळात चौकीदार काका आत वांगी लावतात. त्यांचा पगारही थकलाय, पण काका जात नाहीत. गेलो तर मागचा पगार बुडेल, म्हणतात. गेल्या आठवड्यात मोजणीवाले आले, चुन्याच्या खुणा करून गेले, एक खूण नेमकी वांग्यांच्या वाफ्यात. काका ती रोज ओलांडून पाणी घालतात.

आत्याला सांगितलं, मोजणी झाली बरं का. ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "त्या बिल्डिंगले मी काय करू पोरी. माहे सात-सात दिवस काढून आन. उन्हाळ्याच्या आत आनशीन तं कूलरची मोटर बदलू."