बाकूच्या चढावरचा बुलबुल

साहिल मेट्रो स्टेशनातून वर आलो आणि माझी टोपी उडाली. अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत, कॅस्पियन समुद्रावरून येणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्याला खझरी म्हणतात, आणि हा वारा कुणाची भीडभाड ठेवत नाही. एका आजोबांनी काठीने गाडीखालून टोपी ओढून दिली. त्यांना पत्ता विचारायचा म्हणून मी नुसतं ‘बुलबुल?’ म्हणालो. त्यांनी आधी चढाच्या रस्त्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, आणि हसले.

आपल्याकडे बुलबुल म्हणजे खिडकीत येणारा शेंडीवाला पक्षी, फार तर बुलबुलतरंग. अझरबैजानमध्ये बुलबुल म्हटलं की पक्ष्याइतकाच एक माणूसही आठवतो. गायक मुर्तुझा ममेदोव, जन्म 1897, कराबाख भागातल्या शुशा शहराचा. पोरवयातच गोड गळ्यामुळे हे नाव चिकटलं आणि पुढे खरं नाव मागे पडलं. मला आपले नारायण श्रीपाद राजहंस आठवले. त्यांच्या तर आडनावातच पक्षी होता, तरी लोकांनी ‘बालगंधर्व’च लक्षात ठेवलं.

तसा मी आलो होतो बाकूतली तेलाची श्रीमंती आणि जुनं शहर बघायला. वाकडी वाट केली ती प्रवासाआधी ऐकलेल्या बुलबुल यांच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणामुळे. आवाज अस्सल इटालियन टेनरचा, म्हणजे ऑपेरातल्या उंच पट्टीच्या पुरुष गायकाचा, छातीतून सुटलेला. पण वरच्या सुरावर थांबल्यावर तो स्वर सरळ उभा राहीना. त्याने एक झटका घेतला, मग दुसरा, आपले गवई हरकत घेतात तसा. हे या गळ्यात आलं कुठून?

बुलबुल 1961 मध्ये गेले. ते राहत होते त्याच घरात 1982 पासून संग्रहालय आहे आणि रस्त्यालाही त्यांचंच नाव आहे. दारात बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्या लागल्या, त्यामुळे सगळं संग्रहालय मी सर्र-सर्र आवाज करत पाहिलं. तिथल्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि मला रशियन येत नव्हतं, तेव्हा आमचा सगळा संवाद मोबाइलवरच्या भाषांतराने चालला.

तिथे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बुलबुल मुळात खानेंदे, म्हणजे मुगाम गाणारे. मुगाम म्हणजे त्यांचं रागसंगीत. गायक डफासारखं गावाल हातात धरतो, सोबतीला तार आणि कमांचा ही वाद्यं, आणि ठरलेल्या चौकटीत विस्तार करायचा तो आयत्या वेळी. अझरबैजानच्या पहिल्या ऑपेराही अशाच होत्या. संगीतकार उझैर हाजीबेयोव यांचा ‘लैली आणि मजनू’ 1908 मध्ये बाकूत रंगमंचावर आला, त्यात गायकांनी मुगामच गायले. बायकांना रंगमंचावर यायची सोय नव्हती, म्हणून लैली झाला चहाच्या दुकानात काम करणारा एक पोरगा. हे वाचताना किर्लोस्कर मंडळींच्या काळात शिरल्यासारखं वाटलं.

त्या मुशीतला हा माणूस बाकूच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, शिकला आणि 1927 मध्ये, तिशीत, थेट मिलानला गेला. चार वर्षं इटालियन गायकी घोटली. तिशीत गळा नव्याने बसवायचा म्हणजे काय, हे ज्यांनी उशिरा गाणं शिकायला घेतलंय त्यांना विचारा. मला त्याहून अवघड वाटतं ते जुनं न पुसणं. मुगाममधल्या त्या झटक्यांना झेंगुले म्हणतात. मिलानहून परतलेल्या बुलबुल यांनी झेंगुले टाकून दिले नाहीत, टेनरच्या आवाजात मुरवले.

हाजीबेयोवांना नेमका असाच गळा हवा होता. 30 एप्रिल 1937 रोजी त्यांचा ‘कोरोग्लू’ हा ऑपेरा बाकूत सादर झाला. कोरोग्लू म्हणजे आंधळ्याचा मुलगा. खानाने बापाचे डोळे काढले म्हणून बंड करणारा लोककथेतला नायक, जो शाहिराचं सोंग घेऊन खानाच्याच दरबारात गायला जातो. नायक अर्थात बुलबुल. भिंतीवर त्यांचा त्या वेशातला मिशाळ फोटो आहे. दुसऱ्या वर्षी मॉस्कोत अझरबैजानी कलांचा उत्सव झाला आणि त्यांना सोव्हिएत संघाचे ‘लोककलाकार’ हा किताब मिळाला. त्याच 1938 च्या जानेवारीत, तार या वाद्यावर कविता लिहिणाऱ्या मिकाइल मुश्फिग या तरुण कवीला स्टालिनच्या दडपशाहीत गोळी घातली गेली होती. एकाच शहरातल्या या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून काही जाईनात.

शुशामधल्या त्यांच्या पुतळ्याची कथा बाईंनी हातवारे करत सांगितली. 1992 मध्ये कराबाखच्या युद्धात शुशा आर्मेनियन फौजांच्या ताब्यात गेलं. बुलबुल, हाजीबेयोव आणि कवयित्री नातवान यांचे ब्राँझचे अर्धपुतळे गोळ्यांनी चाळण होऊन जॉर्जियात भंगारात पोचले होते. तिथून ते विकत घेऊन बाकूत आणले आणि 2020 च्या युद्धानंतर, 2021 मध्ये, पुन्हा शुशात बसवले, भोकं तशीच ठेवून.

निघताना बाईंनी विचारलं, ‘हिंदिस्तान?’ मी मान डोलावली. मग त्यांनी ‘गा’ अशी खूण केली. माझं गाणं म्हणजे बाबांच्या रेडिओवरून कानावर पडलं तेवढंच. तरी भैरव धरला, कोमल रिषभावर जमेल तसा आंदोलत राहिलो.

बाईंनी मला मध्येच थांबवलं. ‘चाहारगाह!’

हे त्यांच्या एका मुगामचं नाव. त्यांनी स्वतः दोन ओळी गाऊन दाखवल्या. कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावरची ती उडी ओळखीचीच होती, फक्त त्यांचा रिषभ माझ्यापेक्षा केसभर वेगळा लागत होता. मी पुन्हा लावला. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बोटाने अजून थोडा, अजून थोडा, असं दाखवत राहिल्या. पायातल्या निळ्या पिशव्या काढायच्या राहूनच गेल्या होत्या.