मिशनरी माणसांना सुट्टी कशाला?

माझे आईवडील केनियातल्या एका मिशन हॉस्पिटलात काम करायचे हे कळलं की लोक आधी सिंह-हत्तींबद्दल विचारतात. दुसरा प्रश्न जरा वेळाने येतो, बहुतेक आमच्या मंडळीतल्याच एखाद्या ज्येष्ठ बाईंकडून, जुना अल्बम चाळताना. फोटोत माडांची रांग आहे, टपावर सामान बांधलेली प्यूजो 504 आहे आणि गुडघाभर पाण्यात आम्ही चौघं उभे आहोत. "सेवेला गेलेली माणसं अशी समुद्रावर मजा करायला जायची?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, जायचो. दर ऑगस्टला, दोन आठवडे. आणि आईने तो हट्ट धरला नसता तर माझ्या धाकट्या भावाला वडील म्हणजे काय ते कळायला बराच उशीर झाला असता.

माउंट केनियाच्या पूर्व उतारावर, चहाच्या मळ्यांमध्ये आमचं हॉस्पिटल होतं आणि घर त्याच्या कुंपणाला लागून. तिकडे कोणी दार वाजवत नाही. अंगणात उभं राहून हाक देतात, "होडी?" म्हणजे आत येऊ का? आतून म्हणायचं, "करीबू", या. दिवसा ही हाक फार गोड वाटते. रात्री दोन वाजता चौकीदार कंदील घेऊन "होडी, डाक्तारी" म्हणाला की पप्पांचे पाय चपला शोधायला लागायचे. अडलेली बाळंतीण, चुलीत पडलेलं पोर, उलटलेली मटाटू, म्हणजे तिकडची वडाप गाडी. दोनच डॉक्टर होते. एका वर्षी पप्पांनी सुट्टी घरीच काढली, तर चौदातल्या अकरा रात्री ते हॉस्पिटलात होते. भाऊ तेव्हा चार वर्षांचा. तो पप्पांसमोर पाहुण्यांसमोर बसावं तसा हात मांडीवर ठेवून बसायचा. आईने ते पाहिलं आणि ठरवलं की पुढच्या वर्षी होडी ऐकू येणार नाही इतक्या लांब जायचं. लांब म्हणजे समुद्र. दोन दिवसांचा रस्ता.

तयारी क्लोरोक्विनपासून सुरू व्हायची. डोंगरावर आमच्याकडे मलेरिया नव्हता, किनाऱ्यावर भरपूर. त्यामुळे निघायच्या आधीपासूनच दर रविवारी उपासनेहून आलं की ती कडू गोळी. आई नर्स, मिरजेला शिकलेली. गोळी तोंडात लपवायची सोय नव्हती. मग पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, चहाचा थर्मास. पहिल्या दिवशी नैरोबीपर्यंत, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मोंबासा रोड.

नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटर उंच, मोंबासा समुद्रावर. मधल्या पावणेपाचशेहून अधिक किलोमीटरमध्ये रस्ता तुम्हाला हळूहळू खाली नेतो आणि अंगावरचे स्वेटर एकेक करून उतरत जातात. आथी रिव्हरपाशी गवताळ माळ लागतो. आकाश स्वच्छ असलं तर सुलतान हमूदच्या पुढे उजव्या हाताला किलिमांजारोचं बर्फ अधांतरी तरंगताना दिसायचं. आम्हाला ते दोनदाच दिसलं. त्या पांढऱ्या टोकाची बातमी युरोपात पोचवणारा माणूसही मिशनरीच होता, योहानेस रेबमान. 1848 साली तो ते पाहून आला आणि विषुववृत्ताजवळ बर्फ कसलं, म्हणून तिकडच्या विद्वानांनी कितीतरी वर्षं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

हे मला पप्पांनी सांगितलं, गाडी चालवता चालवता. पप्पा त्या रस्त्यावर बोलायला लागायचे. घरी आमच्या वाट्याला त्यांची अर्धी वाक्यं यायची; उरलेली अर्धी वॉर्डात जात असावीत. इथे समोर सरळ रस्ता, युगांडाकडे निघालेले लांबलचक ट्रक, खिडकीतून येणारी तांबडी धूळ, आणि पप्पा नगरजवळच्या त्यांच्या गावाबद्दल बोलताहेत, शाळामास्तर असलेल्या आजोबांबद्दल, नाताळला बैलगाडीतून केलेल्या प्रवासाबद्दल. भाऊ दोन्ही सीटांच्या मधून मान पुढे काढून ऐकायचा. "मग?" म्हणायचा. एका ऑगस्टात कीब्वेझीपासून म्टिटो आंडेईपर्यंत त्याने किती वेळा "मग?" म्हटलं ते आई मोजत होती.

जेवणाचा मुक्काम माकिंडूला, गुरुद्वारात. मोंबासाहून युगांडाकडे जाणाऱ्या रेल्वेवर कामाला आलेल्या शिखांनी तिथे प्रार्थनेची जागा केली आणि 1926 साली गुरुद्वारा बांधला. रस्त्याने जाणारा कोणीही असो, ट्रकवाला, पर्यटक, आमच्यासारखे ख्रिस्ती. डोक्यावर रुमाल बांधायचा, रांगेत बसायचं, डाळ-रोटी, खीर, चहा. पैसे कोणी मागत नाही. आईने बांधून घेतलेल्या पोळ्या मग संध्याकाळी खायच्या. जेवण झालं की पप्पा बाह्या सरसावून ताटं घासायला बसायचे आणि भाऊ त्यांच्या शेजारी. त्याला घरी एक कप विसळायला सांगितला तरी तो रडायचा. तिथे पप्पांच्या खांद्याला खांदा लावून अर्धा तास घासायचा.

पुढे त्सावो. तांबड्या मातीत लोळून विटकरी झालेले हत्ती, आणि फांद्या मुळांसारख्या वर पसरलेले बाओबाब. ज्या नदीवर 1898 मध्ये दोन सिंहांनी रेल्वेच्या मजुरांना ओढून नेलं, त्या पुलाशी पप्पा गाडी हमखास हळू करायचे. सिंहांच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. पप्पांना मजुरांचं सांगायचं असे: 1896 ते 1901 या वर्षांत हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त माणसं या रुळांसाठी आणली गेली आणि त्यातली जवळजवळ अडीच हजार इथेच मेली. बहुतेकांना सिंहाने नाही, तापाने आणि हगवणीने मारलं. डॉक्टर असल्यामुळे ते त्यांना जास्त लागत असावं.

मारियाकानीनंतर हवा बदलते. चिकट, खारट, ओल्या खोबऱ्याच्या वासाची. लिकोनीची खाडी फेरीबोटीने पार करून दक्षिणेला तिवीच्या किनाऱ्यावर आमची भाड्याची झोपडी: माडाच्या झावळ्यांचं छप्पर, चार मच्छरदाण्या, फोन नाही. ओहोटीला पाणी प्रवाळाच्या कड्यापर्यंत मागे सरायचं आणि खळग्यांत तारामासे, समुद्री काकड्या. ऑगस्टात कुसीचा वारा असतो, नैऋत्य मोसमीचाच तिकडचा भाऊ. तोच पुढे आपल्याकडे पाऊस घेऊन येतो. पहिले तीन दिवस पप्पा नुसते झोपायचे. ते जागे होईपर्यंत आम्ही कुजबुजत खेळायचो.

सुट्टीतला एक दिवस मात्र आईचा. मोंबासा बेटाच्या उत्तरेला, न्याली पुलापलीकडे फ्रेअरटाउन आहे. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावाचं. चौकात एक घंटा आहे. त्यामुळे त्या जागेलाच केंगेलेनी म्हणतात, केंगेले म्हणजे घंटा. गुलाम पकडणाऱ्यांची टोळी दिसली की ती वाजवायचे. आई नाशिकच्या शरणपूरची. लहानपणी तिच्या आजीने सांगितलं होतं की आपल्या या वस्तीत पूर्वी आफ्रिकन मुलं राहायची. अरबांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली ती मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यांतली कित्येक शरणपूरच्या मिशनमध्ये वाढायची, सुतारकाम, लोहारकाम शिकायची. आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन, त्याच्या शेवटच्या सफरीवर 1866 मध्ये त्यांच्यातले नऊ जण निघाले होते. मागाहून जाऊन मिळालेला जेकब वेनराइटही नाशिकचाच. लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला तो हाच. शरणपूर वसवणारे प्राइससाहेब 1874 मध्ये पूर्व आफ्रिकेला आले आणि नाशिकमध्ये वाढलेल्या त्या माणसांच्याच मदतीने फ्रेअरटाउन उभं राहिलं.

आईला हे तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. पहिल्या वर्षी ती घंटेखाली नुसती उभी राहिली. चर्चच्या आवारात एक म्हातारे गृहस्थ झाडत होते. तुम्ही कुठल्या, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "नासिक." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "नासिक," ते म्हणाले, आणि परत, "नासिक." त्यांच्या घराण्यात ते नाव तीन पिढ्या चालत आलं होतं. केनियात आम्ही परदेशी आहोत असं आई त्यानंतर कधी म्हणाली नाही.

तिथून जवळच रोझिने क्राफची कबर आहे. या किनाऱ्यावर 1844 मध्ये आलेल्या पहिल्या मिशनरी जोडप्यातली ती बायको. आल्यानंतर काही आठवड्यांत, बाळंतपणानंतर तापाने गेली, आणि पाठोपाठ तिची तान्ही मुलगी. आईने तिथलं गवत थोडं उपटलं, काही बोलली नाही. त्या रात्री तिने आमच्या मच्छरदाण्यांच्या कडा गादीखाली दोनदा खोचल्या.

तुमच्या प्रश्नामागे, आमच्या दवाखान्याला दान देणाऱ्यांचे पैसे यात जात असतील का, ही शंकाही असते. पेट्रोल आणि भाडं आई वर्षभर दरमहा बाजूला काढायची, पप्पांच्या पगारातून, आणि त्या वहीत पैन्‌पै लिहिलेली आहे. पण वही नसती तरी मी हेच सांगितलं असतं. त्या दोन आठवड्यांनंतर पप्पा परत जायचे आणि पुन्हा पन्नास आठवडे रात्री उठायचे.

भाऊ पाच वर्षांचा असतानाची ती सकाळ. झोपडीबाहेरून हाक आली, "होडी!" पप्पा झोपेतच उठून बसले, पाय चपला शोधायला लागले. दारात एक कोळी उभा होता, काडीत ओवलेले चांगू मासे घेऊन. पप्पा बराच वेळ त्या माशांकडे बघत राहिले. मग त्यांनी मासे घेतले आणि कोळ्याला विचारलं, पोराला जरा पाण्यावर फिरवून आणशील का? कोळी म्हणाला, तुम्हीही चला.

दोन्ही बाजूंना लाकडी आधार असलेली ती अरुंद नाव, शिडाला दहा ठिगळं. आई आणि मी किनाऱ्यावर. भाऊ पप्पांच्या मांडीवर, त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या पोटाभोवती घट्ट ओढून घेतलेला. नाव लाटेवर चढली तसा तो मराठीत ओरडला, "आई, होडी! होडी!"

आईने तोंडाशी दोन्ही हात धरले आणि वाऱ्याविरुद्ध जोरात ओरडली, "करीबू!"