आमची वाटचाल: कारखान्यांच्या ड्राइव्हपासून मुलांच्या रोबोटपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा गाळा नव्वदच्या दशकात सुरू झाला, तो डीसी ड्राइव्हच्या, म्हणजे डीसी मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, दुरुस्तीसाठी. पॅकिंगची यंत्रं, कन्व्हेअर, छपाईचे रोल, सगळीकडे डीसी मोटरी होत्या. पावसाळा लागला की दमट हवेने ड्राइव्ह बंद पडायचे आणि आमचा फोन वाजायला लागायचा. पुढे एकेक कारखाना बाहेर गेला, त्यांच्या जागी आयटीच्या इमारती उठल्या. जे मागे राहिले त्यांनी एसी मोटरी आणि त्यांचा वेग सांभाळणारे व्हीएफडी बसवले. माझं आणि धाकट्या भावाचं, दोन्ही घरं त्या एकाच कामावर चालत होती. नवं काहीतरी शोधणं भाग होतं, आणि ते शोधायच्या आधीच दारात येऊन उभं राहिलं.

इंजिनिअरिंगची मुलं येऊ लागली. ठाण्यातली तर होतीच, पण ट्रान्स-हार्बर सुरू झाल्यावर ऐरोली, वाशी, नेरूळकडचीही. पिशवीत गाडीच्या वायपरची मोटर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) बोर्ड आणि स्कूटरची बॅटरी. एबीयू रोबोकॉन ही कॉलेजच्या मुलांची रोबोट स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली आणि भारतातली राष्ट्रीय फेरी बरीच वर्षं पुण्याला बालेवाडीत होत असे. २००८ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यातच झाली आणि तिचा विषय होता गोविंदा. ठाण्याच्या मुलांना दहीहंडी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, अडत होतं ते मोटरीपाशी. रिले मोटर चालू करतो, बंद करतो, उलटी फिरवतो, पण तिचा वेग त्याच्या हातात नसतो. रोबोट रेषेवर जाऊन नेमका थांबायचा तर वेग हातात हवा, आणि ते काम मोटर कंट्रोलरच्या बोर्डाचं.

त्यांचा पहिला प्रश्न तेव्हाही हाच असायचा आणि आजही हाच असतो: "काका, किती अँपिअरचा कंट्रोलर घेऊ?" आम्ही विचारतो, मोटर अडली, म्हणजे वीज चालू असताना शाफ्ट फिरेनासा झाला, तर किती घेते? याचं उत्तर सहसा नसतं, कारण मोटरीच्या पट्टीवर चालतानाचा करंट छापलेला असतो, अडल्यावरचा नाही. मग आम्ही मोटर टेबलावर घेतो. शाफ्ट व्हाइसमध्ये घट्ट पकडतो, बेंच सप्लायची करंट मर्यादा २ अँपिअरवर ठेवतो आणि मोटरीच्या टोकांवर मल्टीमीटर लावतो. समजा ०.८ व्होल्ट दिसले, तर वाइंडिंगचा रोध ०.४ ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून आणखी तीन-चार ठिकाणी मोजतो, कारण ब्रश कम्युटेटरच्या कुठल्या पट्टीवर बसलाय त्याप्रमाणे आकडा हलतो, आणि सगळ्यांत कमी आकडा धरतो. आता २४ व्होल्टला ०.४ ने भागा. ६० अँपिअर. चालताना चार अँपिअर घेणारी हीच मोटर. बॅटरी आणि वायरींचा रोध यातला थोडा भाग खातो, तरी हिशेब इथूनच सुरू करायचा. हा आकडा स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिताना मुलांचे चेहरे बदलतात, आणि त्यासाठी मी हातातलं कुठलंही काम बाजूला ठेवतो.

याहून मोठी गोष्ट उलट फिरवण्याची. फिरणारी मोटर त्या वेळी जनरेटरही असते. पूर्ण वेगात ती जवळजवळ बॅटरीइतकाच व्होल्टेज उलट्या दिशेने तयार करत असते, म्हणूनच चालताना तिचा करंट कमी दिसतो. पळत्या रोबोटला एकदम रिव्हर्स दिला की बॅटरी आणि मोटर, दोघांचे व्होल्टेज एकत्र येतात आणि करंट अडलेल्या मोटरीच्या जवळपास दुप्पट होतो. आमच्याकडे येणाऱ्या जळक्या कंट्रोलरांपैकी बहुतेकांचं कारण हेच निघतं. उपाय फुकटचा आहे: प्रोग्रॅममध्ये वेग पाव सेकंदात उतरवायचा, मग चढवायचा. मुलं म्हणतात, तेवढ्या वेळात समोरचा संघ पुढे जाईल. मी म्हणतो, करून बघा. एकदम रिव्हर्स दिला की पकड सुटलेलं चाक जागच्या जागी घसरतं, त्यात यापेक्षा जास्त वेळ जातो.

बाजारातल्या बोर्डांबद्दल आमची मतं ठाम आहेत. एल२९८ ही मोटर चालवणारी जुनी चिप शिकायला ठीक, पण त्यात जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत. दोन अँपिअरवर ४.९ व्होल्टपर्यंत त्याच्या आतच पडू शकतात, हे त्याच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं आहे. बारा व्होल्टची मोटर मग मरगळणारच. बीटीएस७९६० या दुसऱ्या चिपच्या बोर्डावर ४३ अँपिअर असं मोठ्या अक्षरात असतं. ४३ ही चिपने करंट अडवायला सुरुवात करायची पातळी आहे, तासभर वाहून न्यायचा भार नव्हे. तिच्या वाटेतला रोध साधारण १६ मिलिओहम. २० अँपिअरला ६.४ वॅट उष्णता होते, ४० ला पंचवीसच्या वर. मागे बोटभर हीटसिंक आणि भोवती मे महिन्यातलं ठाणं असेल तर काय होणार ते उघड आहे. शिवाय ही चिप साडेसत्तावीस व्होल्टपर्यंतची, आणि सहा सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट देते. ब्रेक लावताना मोटर जे परत ढकलते त्याला मधली जागा फार थोडी उरते. मलेशियाच्या सायट्रॉनचे बोर्ड आम्ही विकत नाही, तरी मुलांना बिनधास्त सुचवतो. सतत चालणारा करंट आणि क्षणभराचा करंट ते वेगवेगळा छापतात, आणि गिऱ्हाइकाला हेच कळायला हवं.

आमचा स्वतःचा बोर्ड याच सगळ्यातून आला. ६० व्होल्टचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे नव्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर), टर्मिनलला चिकटून मोठे कपॅसिटर, बोर्डावरच करंटची मर्यादा, आणि पावसाळ्यासाठी वरून कोटिंग, जे ड्राइव्हच्या दुरुस्तीने आम्हाला शिकवलं. त्यावर एक काही पैशांची वस्तू आहे जिचा मला सगळ्यांत जास्त अभिमान वाटतो: सिग्नलच्या पिनेवरून ग्राउंडला जाणारा १० किलोओहमचा रेझिस्टर. प्रोग्रॅम चालवणारा मायक्रोकंट्रोलर रिसेट होताना त्याच्या पिना क्षणभर अधांतरी असतात. तेवढ्यात कंट्रोलरने त्याला 'चल' असं समजलं तर पंधरा-वीस किलोचा रोबोट कुणाच्या तरी पायावर जातो. रेझिस्टर असला की मोटर जागची हलत नाही. रोबोटवरचं इमर्जन्सी बटण आहेच, पण बटणापर्यंत हात पोहोचायला वेळ लागतो.

आता मुलं ब्रश नसलेल्या, म्हणजे ब्रशलेस, मोटरी घेऊन येतात. ड्रोनचा ईएससी, म्हणजे त्याच्या मोटरीचा कंट्रोलर, तिथे सहसा कामाचा नाही. सेन्सर नसल्याने थांबलेल्या मोटरीची स्थिती त्याला कळत नाही आणि भाराखाली सुरुवात करताना ती नुसती थरथरते. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी खुला केलेला व्हीईएससी हा कंट्रोलर त्यासाठी चांगला. आम्ही तो बनवत नाही, पण जोडणी आणि सेटिंग करून देतो.

धंद्याचं विचाराल तर मुलांच्या बोर्डांवर फारसं सुटत नाही, पैसे त्यांच्या आईवडिलांचे असतात आणि आम्ही तसाच भाव लावतो. पण तीच मुलं पुढे रबाळे, महापेच्या कंपन्यांत लागतात आणि गोदामातल्या ट्रॉलीसाठी, छोट्या यंत्रांसाठी कंट्रोलर मागायला परत येतात. आज आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांचंच आहे. भावाची मुलगी आता टेस्टिंग बघते. प्रत्येक बोर्ड ती मोटर अडवून तपासते, मगच तो डब्यात जातो.

शनिवारी दुपारी टेबल मुलांसाठी मोकळं असतं. येताना मोटर आणा, जी स्पर्धेत वापरणार तीच बॅटरी आणा, चाकाचा व्यास आणि रोबोटचं वजन लिहून आणा. एसएमपीएसवर (घरच्या विजेवर चालणाऱ्या पॉवर सप्लायवर) चाचणी करू नका, ब्रेकचा करंट तो परत घेत नाही आणि व्होल्टेज चढून बोर्ड जातो. कंट्रोलर अजून घेतला नसेल तर उत्तमच, आधी मोजू.