कुरडया, वळीव आणि मुठेचं पाणी

सकाळी चहा पुढ्यात ठेवता ठेवता आईने विचारलं, "काय रे, घालू का गहू भिजत?" वरवर साधा प्रश्न, पण आमच्या घरात चैत्र-वैशाखात याचा अर्थ पुढच्या पाच दिवसांचं हवामान सांग असा असतो, कारण कुरडयांचे गहू एकदा भिजत पडले की विषय संपला. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शिजवून ऊन चढायच्या आत गच्चीत सोऱ्या घेऊन बसायचं. म्हणजे आज रविवारी गहू पडले तर गुरुवारी कडक ऊन पाहिजे. शुक्रवारी पण.

आमच्या घरातलं सिमला ऑफिस मीच. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि रिक्षावाल्याला हवामान खातं म्हणलं तर तो आपल्याकडे बघत बसतो.)

तर अंदाज. तापमानाचं सोपं आहे. आत्ता अडतीस-एकोणचाळीसच्या आसपास चाललंय, लोहगावला एखादा डिग्री जास्तच धरा, आणि चार दिवसांत त्यात फार काही फरक पडेल असं वाटत नाही. घोळ आहे तो वळवाचा. ॲपवर गुरुवारच्या नावापुढे ढग आणि वीज दाखवतायत, पण चार दिवस आधी वळीव कुठे पडणार हे सांगणं कुणाच्याच बापाला जमत नाही, कारण हा पाऊस बाहेरून तयार होऊन येतच नाही, तो इथेच त्या दुपारी शिजतो. जमीन तापते, तापलेली हवा वर जाते, बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून बाष्प आलेलं असेल तर त्याचा ढग उभा राहतो आणि तासा-दोन तासांत दहा किलोमीटरच्या वर जातो. बाष्प नसेल तर नुसतंच ऊन. त्यामुळे हडपसरला गारा आणि कोथरूडला नुसती धूळ हे दरवर्षीचं. खात्याचं लांबचं भाकीत "मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता" एवढंच असतं आणि लोक त्यावर हसतात, मला ते प्रामाणिक वाटतं. खरा उपयोगाचा असतो तो रडारवरनं दिलेला पुढच्या तीन तासांचा इशारा, पण तोपर्यंत आमचे गहू भिजून फुगलेले असतात ना!

मी स्वतः वारं बघतो. उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटतं, घाट चढून कोकणाकडनं आलेलं, आणि दिवसभर भाजलेलं घर तासाभरात बरं वाटायला लागतं. ते वारं रोजच्या रोज येतंय तोवर मी निवांत असतो. ज्या दिवशी दुपारीच वारं पडतं, अंग चिकचिकतं, आणि पूर्वेला हडपसरच्या बाजूला फुलकोबीसारखे ढग चढायला लागतात, त्या दिवशी वाळवण चारलाच आत. जूननंतरचा पाऊस पश्चिमेकडनं येतो, वळीव मात्र बहुतेक वेळा पूर्वेकडनं, आणि नवीन लोक पश्चिमेला मोकळं आकाश बघून कपडे वाळत ठेवतात. त्यात आधी येतो तो पाऊस नसतोच, ढगातनं पावसाबरोबर खाली आदळलेली गार हवा असते. मातीचा वास, धुरळा, दारं धाडधाड, कुणाच्या तरी गच्चीवरचा पत्रा, गुलमोहराची एखादी फांदी पार्क केलेल्या गाडीवर, आणि मग टपोरे थेंब. गच्चीवर प्लास्टिकच्या कागदाची चार टोकं धरायला दोन माणसं लागतात, आणि आईच्या हातात तेव्हा एक टोक आणि दुसऱ्या हातात परात असते.

२०२५ च्या मे मध्ये मी तिला बिनधास्त "घाल" म्हणलं होतं. पुढे काय झालं ते सगळ्या पुण्याला माहितीये, महिनाभर वळीव आणि वर पावसाळाच २६ मे ला पुण्यात दाखल, एरवी यायचा तो १० जूनच्या आसपास. कुरडया पंख्याखाली तीन दिवस ठेवल्या, वरनं वाळल्यासारख्या दिसायच्या आणि उचलल्या की खालनं लिबलिबीत. मग बुरशी. अजून ऐकवते.

नदीचं विचारत असाल तर नदीला सध्या अंदाजच नाही. भिडे पुलावरनं खाली बघितलं की काळपट पाणी आणि जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि त्यावर तुटून पडणारे डास. खडकवासल्याच्या खाली उन्हाळ्यात मुठेत जे वाहतं ते बहुतेक नाल्यांचंच. खरी मुठा वर अडवलेली आहे, टेमघर, पानशेत, वरसगाव, खडकवासला, चारही धरणं काठोकाठ भरली तर २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी, आणि त्यातनं शहराला पण प्यायचं आणि कालव्यातनं दौंड-इंदापूरच्या शेतीला उन्हाळी आवर्तन पण. अर्ध्या तासाच्या वळवाने त्या आकड्यात काही हालत नाही, रस्त्यावरची घाण तेवढी नदीत येते. पूल बुडतो ते धरणं भरून विसर्ग सुटला की, जुलै-ऑगस्टात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडजवळच्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते तसंच. ओढ्यांची गोष्ट वेगळी, ते ढगफुटीसारख्या सरीने तासाभरात भरतात, सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने दाखवलं.

एवढं सगळं मनाशी जुळवून मी आईला म्हणलं, गुरुवारी दुपारपर्यंत ऊन नक्की, चारनंतरची खात्री नाही, तू पुढच्या आठवड्यावर टाक. ती म्हणाली, "बरं." मग कप ठेवायला मागच्या बाल्कनीत गेलो तर ओट्याखाली पातेलं, वर ताट, ताटावर वरवंटा. गहू काल रात्रीच पडलेत.

म्हणजे आता बुधवारीच ऊन पाहिजे. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडनं आणायचं काम माझ्याकडे.