तेविसावी वाघीण

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जाणारी जलदूत सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्या गाडीच्या चाकांवर, ब्रेकवर, बोल्टांवर हात फिरवणाऱ्यांत मी होतो. कॅरेज अँड वॅगनचा फिटर. आम्ही तपासल्याशिवाय मालगाडी हलत नाही आणि आमचा फोटो कुठे येत नाही. दोन्हींची सवय आहे.

११ एप्रिलला पहिली खेप गेली तेव्हा दहाच वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे होते, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींचा रेक आला, म्हणजे खेपेला पंचवीस लाख. वाघिणी मुळात तेल वाहणाऱ्या. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन पाठवलेल्या. लातुरात टँकरवर मारामाऱ्या नकोत म्हणून पाणवठ्यांपाशी १४४ कलम लावलं होतं. इकडे आमच्या यार्डात रोज कुणी ना कुणी वाघिणीला बॅनर बांधायला आणि सेल्फी काढायला हजर. त्या गर्दीत चाकाकडे बघणारा एक माणूस मला दिसला नाही.

मिरज यार्ड बाहेरच्या माणसाला नुसतं रुळांचं जाळं वाटतं. चार दिशा: पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर. कोल्हापूर आणि बेळगाव एकाच अंगाला, म्हणून कोल्हापूरहून तिरुपतीला निघालेली हरिप्रिया मिरजेत येऊन तोंड फिरवते, इंजिन या टोकाचं त्या टोकाला. नवखा प्रवासी घाबरतो, गाडी परत चालली की काय! पण माझ्या लहानपणी इथं दिशांपेक्षा रुळांच्या रुंदीचा घोळ मोठा होता. कोल्हापूरची लाइन १८९१ ची, मीटर गेज. पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वे कंपनीची छोटी गाडी १९२७ ला मिरजेत पोचली; तिच्या दोन रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मग १९७१ ला पुण्याकडून ब्रॉडगेज आलं, १६७६ मिलिमीटर. त्यानंतर बरीच वर्षं तिन्ही मापं एकाच स्टेशनात नांदली. एका गाडीचा माल दुसऱ्या गाडीत आपोआप जात नाही. तो माणसांच्या पाठीवरून जातो.

त्या पाठींपैकी एक आमच्या आबांची. माल बदलायच्या शेडमध्ये हमाल होते. गूळ, शेंगा, हळद, सिमेंट. ते सांगायचे, "गेज बदलला की मालाचा थोडा जीव जातो." पोतं फाटतं, आकड्याने भोक पडतं, धान्य सांडतं. म्हणून दोन डब्यांच्या मधे खाली बारदान अंथरायचे आणि संध्याकाळी बायका झाडणी गोळा करायच्या.

आणि जलदूत गेली ती बरीचशी त्या छोट्या गाडीच्याच वाटेनं: पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. ३४२ किलोमीटर. बार्शी लाइटने कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ ला सुरू केलं, लातूर १९११ ला गाठलं. तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला, म्हणून मिरजेत भरलेलं पाणी मधे कुठं न उतरवता लातूरला पोचत होतं. याचं कौतुक एकाही बातमीत वाचलं नाही.

आता त्या रात्रीचं सांगतो. मे महिना. भरणी संपली होती, इंजिन लागलं होतं. हवेचा दाब पुढं पाच किलो, गार्डकडे ४.८, ठीक. ब्रेक लागले, सुटले. मी बॅटरी आणि हातोडा घेऊन शेवटून पुढे येत होतो. तेविसाव्या वाघिणीखाली खडी ओली. भरताना सगळीकडेच सांडतं, म्हणून पुढे गेलो. मग थांबून परत आलो. धार होती. करंगळीहून बारीक, पण धार.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. टाकीतून पाणी बाहेर यायला आधी आतला मास्टर व्हॉल्व्ह, तो वरून चाक फिरवून बंद करतात. मग खाली दोन्ही अंगांना निचऱ्याचे व्हॉल्व्ह. त्यांच्याही तोंडावर बोल्टांनी आवळलेलं झाकण, त्याला आम्ही ब्लँक फ्लँज म्हणतो, आणि मधे गॅसकेट. धार झाकणातून येतेय म्हणजे मागचे दोन्ही व्हॉल्व्ह नीट बसलेले नाहीत. वर चढून चाक पुन्हा आवळलं. खाली बोल्ट आवळले. धार थोडी कमी झाली, थांबली नाही. गॅसकेट बदलायचं तर झाकण उघडावं लागणार, आणि उघडलं तर पन्नास हजार लिटर रुळावर जायची भीती.

टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासून पास करणारे आमचे साहेब आले. वाकून पाहिलं. म्हणाले, "पेट्रोल असतं तर विचारलंच नसतं, सिक, म्हणजे नादुरुस्त मारून काढली असती. पण हे पाणी आहे रे. तू काय म्हणतोस?"

वाघीण काढायची तर रेक मधून तोडायचा, शंटिंग, पुन्हा जोडणी, पुन्हा दाब बघणं. दीड-दोन तास, गाडीची वेळ गेली ती वेगळीच. मी पाण्याची लिटरची बाटली धारेखाली धरली. दोन मिनिटांत भरली. साहेबांना म्हणालो, "जाऊ द्या साहेब."

साहेबांनी प्रमाणपत्रावर सही केली, गाडी गेली. माणूस शहाणा, आयत्या वेळी खालच्याला विचारणारे साहेब मी फार पाहिलेले नाहीत. म्हणूनच तर हे माझ्या डोक्यावर बसलं. ते स्वतः ठरवून मोकळे झाले असते तर मी झोपलो असतो.

चहाच्या टपरीवर चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब केला. मिनिटाला अर्धा लिटर, अठरा तास धरले तर ५४० लिटर. पंधरा लिटरच्या ३६ घागरी. वाघीण काढली असती तर पन्नास हजार लिटर मिरजेतच राहिलं असतं. हिशेबात मी बरोबर आहे, आजही आहे. तरी कुठल्या तरी फाटकाशी गाडी खोळंबली असेल, कुणीतरी ती धार बघत उभा असेल, असं डोळ्यांसमोर येतं.

घरी आबांना सांगितलं. ते पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते. म्हणाले, "खाली काय धरलंतंस का?"

"धावत्या गाडीखाली काय धरणार, आबा?"

"न्हाई, आपलं इचारलं." आणि कुशीवर वळले.

रेक रिकामा परत आला तेव्हा माझीच पाळी होती. नंबर लिहून ठेवला होता, वाघीण सापडली. झाकण उघडलं. गॅसकेट एका कडेनं कडक होऊन चिरलं होतं, नखाएवढी चीर. नवं बसवून चार बोल्ट आवळायला मला वीस मिनिटं लागली.

जुनं गॅसकेट भंगारात टाकायचं असतं. मी खिशात घातलं.