कुलूप नसलेल्या किल्ल्या

"कुलूपच नाही, तर नुसत्या किल्ल्या ठेवून करता काय?" ओटीवरच्या फळीकडे बघून पाहुणे हमखास हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आधी कुलूप का नाही ते. आमच्या गुहागरच्या बाजूला कितीतरी घरं फक्त शिमग्याला आणि गणपतीला उघडतात. कुलूप इथे दाराला, किल्ली मुंबईच्या खोलीत ट्रंकेच्या तळाशी. समुद्रावरचं खारं वारं अंगावर घेतं ते कुलूप. मीठ हवेतला ओलावा ओढून लोखंडावर धरून ठेवतं, वर चार महिने पाऊस. कुलूप पितळी असलं तरी आतली स्प्रिंग पोलादाची, ती आधी जाते. चाकरमानी रातराणीने येतो, किल्ली लावतो, ती ढिम्म हलत नाही. मग करवतीच्या पात्याने कडी कापायची. कुलूप भंगारात जातं, किल्ली जुडग्यात राहते, कारण किल्ली फेकायचा धीर सहसा कोणाला होत नाही.

भाऊबंदकीचाही हातभार आहेच. हिस्से पडले की माजघराला एकाचं कुलूप, कोठीला दुसऱ्याचं, माळ्याच्या जिन्यालासुद्धा तिसऱ्याचं. पुढे घर पाडून स्लॅबचं झालं की जुन्या सागवानी दारांना गिऱ्हाईक मिळतं. किल्ल्यांना मीच.

आता गोडी कशात? किल्ली नीट पाहिली की गेलेलं कुलूप आतून कळतं. पात्याला एखाददुसरीच खाच असली, तर कुलपात परकी किल्ली अडवायला नुसते आडवे पडदे होते आणि खाच ते चुकवण्यापुरती. अशी किल्ली बहुधा मोठी, रुबाबदार, पण कुलूप अगदी भोळं: पडदे चुकवणारी कुठलीही बारकी किल्ली त्याला चालते. पातं पायऱ्यापायऱ्यांनी कापलेलं असेल, तर आत पट्ट्या होत्या. रॉबर्ट बॅरन या इंग्रजाने १७७८ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. प्रत्येक पट्टी नेमकी तेवढीच उचलली गेली पाहिजे, कमी नाही, जास्तही नाही. १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी त्यात खुबी घातली. परक्या किल्लीने पट्टी जास्त उचलली की कुलूप अडकून बसायचं आणि कोणीतरी खटपट केलीय हे मालकाला कळायचं. अर्देशीर गोदरेज मुंबईत कुलपांच्या धंद्यात उतरले ते १८९७ मध्ये.

माझी लाडकी मात्र आट्यांची किल्ली. भोकात घालून फिरवत राहायची; आटे बसले की ती आतला खटका स्प्रिंगच्या जोराविरुद्ध ओढून घेते. उघडायला इतका वेळ लागतो की घाईतला चोर निव्वळ कंटाळून जात असेल. तुमच्या खिशातली चपटी दातेरी किल्ली १८६१ च्या लायनस येल यांच्या पेटंटच्या वंशातली. कामाला चोख, पण ती मी जमवत नाही. तिच्यात बघण्यासारखं सगळं कुलपाच्या पोटात.

'अँटिक' म्हणून विकतात त्या नव्या ओतीव किल्ल्याही घेत नाही. त्यांचे दात कोरे असतात. वापरातल्या किल्लीचे दात कडेला झिजतात, आणि अंगठा टेकतो तिथली नक्षी पुसट होते.

कुठली किल्ली कोणाच्या घरची, हे मी लिहून ठेवत नाही. जुडगा देताना एक वहिनी म्हणाल्या होत्या, "न्या हो, पण आमचं नाव नको त्यावर. अजून वाद चाललाय." त्यांचं बरोबरच होतं.

तुमच्याकडे एखादी असेल तर चिंच लावून घासू नका. रंग जातोच, पुसट ठसाही जातो. शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरवा, बास. आणि मला द्यायच्या आधी घरातल्या सगळ्या कुलपांना एकदा लावून बघा.